तिकीटवाल्याची मराठी

करुणा,

क्रिमेटोरियमच्या माणसाने आधीच बजावलं होतं, अर्ध्या तासात सगळं आटपायला हवं, बाहेर पुढच्यांची गाडी येऊन उभी राहते. त्या अर्ध्या तासात त्रिसरण-पंचशील, मग तुझी उज्ज्वला, मग तुझ्या ऑफिसातले दोघे, आणि शेवटी मी. माझ्या वाट्याला जेवढा वेळ आला तेवढ्यात मी तुझ्याबद्दल 'मनमिळाऊ' असा शब्द वापरला. बोलताना मलाच कसंतरी झालं. तू ऐकलं असतंस तर तिथल्या तिथे उठून बसली असतीस. "मी? मनमिळाऊ? काऊन वं, मेली म्हणून का?"

तिथे राहून गेलं ते आता लिहिते आहे. फार्मसीतून आत्ताच आले. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेत, सुधीर सगळ्या नवऱ्यांसारखा टीव्हीसमोर पेंगतोय, आणि मला उठून भात लावायचाही कंटाळा आलाय. थकले आहे मी. थकलेल्या माणसाला गोड बोलणं जमत नाही, तेव्हा तुझ्यासाठी हीच वेळ बरी.

उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होते. "मावशी," ती म्हणाली, "आई गेला." बस, एवढंच. तुझ्या लेकीला मी ओळख झाल्यापासून टोकत आले, आई 'आला' नाही गं, आई 'आली'. ती हसायची, एकदा नीट म्हणायची, पुढच्या वाक्यात पुन्हा घसरायची. त्या सकाळी मी टोकलं नाही. "आले मी," म्हटलं आणि शटर तसंच अर्ध्यावर ठेवून तिथेच पायरीवर बसले. आपल्या दोघींच्या इतक्या वर्षांच्या भांडणात हा पॉइंट तुझा. तुला असाच मिळायला हवा होता का, एवढंच विचारते.

कारण आपलं भांडण त्याचंच होतं. नीट बोलणं म्हणजे काय, आणि कुणाचं.

आपण भेटलो त्या इटालियनच्या क्लासात. माझी दोन्ही मुलं युनिव्हर्सिटीला गेली होती आणि घरात मला माझ्याच पावलांचा आवाज यायला लागला होता, म्हणून मी नाव घातलं होतं. तू कशाला आलीस ते तू कधीच धड सांगितलं नाहीस. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला आपली ओळख इटालियनमध्ये करून द्यायला सांगितली. तुझी पाळी आली तेव्हा तू आधी माझ्याकडे वळून मराठीत विचारलंस, "पुण्याची का?" मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. "कशावरून?" मी विचारलं. "पेन्सिल कशी धरली आहेस बघ," तू म्हणालीस. "परीक्षेला बसल्यासारखी." मला राग आला आणि हसूही आलं. तुझ्याबाबतीत ते दोन्ही बहुतेक वेळा एकदमच यायचं.

इंग्लंडात येऊन बेसिंगस्टोकमध्ये आपण दोघी किती वर्षं राहत होतो, आणि एकमेकींना ओळखत नव्हतो. त्यात नवल काही नव्हतं. आमच्या मंडळाचा गणपती एका हॉलमध्ये, तुमची एप्रिलमधली जयंती दुसऱ्या हॉलमध्ये, आणि दोन्हींचं बुकिंग कौन्सिलच्या त्याच काउंटरवर. तू म्हणायचीस, "काउंटरवरच्या त्या बाईला आपल्या समाजाबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे."

मग बाईंनी वर्गात तो सिनेमा दाखवला. त्याचं खरं नाव आपण दोघींनी कधी घेतलंच नाही, 'आपला सिनेमा' म्हणत राहिलो. सरोवराकाठचं एक गाव. तिथे बोटीची तिकिटं विकणारा एक माणूस, शाळा अर्धी सोडलेला, आणि रोज त्याच्या खिडकीशी येऊन बसणारा एक म्हातारा कवी. दोघांची मैत्री होते. कवी त्याला आपल्या कविता ऐकवतो, हा तिकिटं फाडत ऐकतो. सिनेमाच्या मध्यावर कवीला झटका येतो आणि त्याची वाचा जाते. मग तिकीटवाला बोटीत चढणाऱ्या लोकांना त्याच्या कविता म्हणून दाखवायला लागतो, आठवतील तशा. शब्द चुकतात. कवी शेजारी बसलेला असतो. शब्द चुकला की तो लाकडी फळीवर हात आपटतो. पुढे पुढे तो हात आपटायचा थांबतो.

एवढंच. कुणी कुणाला मारत नाही, कुणी पळून जात नाही. वर्गातले अर्धे लोक घड्याळ बघत होते. आणि तू रडत होतीस, नाक ओढत, रुमाल नाही म्हणून स्कार्फला पुसत. कार पार्कमध्ये तू मला थांबवलंस. "हा माझ्या मायला दाखवायचा आहे."

"मग दाखव की."

"कसा? बोलणं इटालियन, खाली अक्षरं इंग्रजी. तिला दोन्हीकडून दार बंद. आपण मराठी सबटायटल्स करू. तुझं इटालियन बरं आहे, माझं कॉम्प्युटरचं बरं आहे."

"आणि मराठी?" मी विचारलं.

"त्याचंच तर बघू," तू म्हणालीस. ही धमकी होती हे मला फार उशिरा कळलं.

तुझे वडील गेल्यावर तू आईला नागपूरहून इथे आणलं होतंस. मी त्यांना काकू म्हणते. काकू वाचायला शिकल्या त्या प्रौढपणी, वस्तीतल्या वर्गात, उज्ज्वलाच्या जन्माच्या आसपास. इथे दिवसभर वरच्या खोलीत पडून असायच्या नाहीतर खिडकीतून समोरच्या घराच्या गॅरेजकडे बघत. तुला ते बघवत नव्हतं, आणि नोकरी सोडून त्यांच्याजवळ बसताही येत नव्हतं. बिझनेस पार्कमधल्या त्या कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं तुझं काम. घरी येऊन तू माझ्या शोधायचीस.

रविवारी दुपारी तुझ्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडायचा, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मागे न्यायचं. दोन ओळींत बसलं पाहिजे आणि पात्राचं तोंड मिटायच्या आत वाचून झालं पाहिजे. बाईंनी सिनेमाच्या दिग्दर्शकाच्या मुलीचा पत्ता शोधून दिला होता. तिने ईमेलवर परवानगी दिली आणि विचारलं, मराठी किती लोक बोलतात? तू उत्तर दिलंस, "सध्या दोघी, आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही."

पहिला मसुदा मी केला. सगळे एकसारखी, स्वच्छ मराठी बोलत होते. तू वाचलंस आणि म्हणालीस, "हा तिकीटवाला कुठला आहे? सदाशिव पेठेतला?"

मुद्दा बरोबर होता. तो शाळा सोडलेला माणूस, त्याच्या तोंडी 'तथापि' कसं येईल? मी आठवडाभर खपले. तू काकूंशी बोलतेस ती भाषा, काकू बोलतात ती, कानात साठवून तिकीटवाल्याची सगळी वाक्यं वऱ्हाडी ढंगात केली. 'मले', 'तुले', 'काऊन'. मला वाटलं होतं तू खूश होशील. खोटं कशाला बोलू, मी शाबासकीची वाट बघत होते.

तू शेवटपर्यंत वाचलंस. मग लॅपटॉप हळूच मिटलास. तू आदळआपट करायचीस तेव्हा मला भीती वाटायची नाही. हळू वागलीस की वाटायची.

"म्हणजे कवी पुण्याचा," तू म्हणालीस, "आणि तिकिटं फाडणारा नागपूरचा."

"अगं, तूच म्हणालीस..."

"मी म्हटलं तो सदाशिव पेठेतला नाही. तो माझ्या घरचा आहे असं कधी म्हटलं? नाटकात नोकर आला की तो आमच्यासारखं बोलतो. सिनेमात हवालदार आला की आमच्यासारखं बोलतो. लोक हसतात. आता इटलीतसुद्धा आम्हीच तिकिटं फाडायची?"

"मग काय करायचं? त्याला गरीब ठेवायचं की नाही?"

"गरीब ठेव. कवीची भाषा बदल."

मला आधी समजलंच नाही. तू समजावलंस. म्हाताऱ्या कवीने वऱ्हाडीत बोलायचं. त्याच्या कविता काकूंच्या भाषेत. आणि तिकीटवाल्याने छापील मराठीत. म्हणजे कवीची वाचा गेल्यावर तो जेव्हा कविता म्हणतो आणि शब्द चुकवतो, तेव्हा त्या चुका म्हणजे काय होणार? तो कविता 'शुद्ध' करणार.

मी म्हटलं, "करुणा, तू सिनेमा बदलते आहेस. त्याला कविता नीट आठवत नाही, म्हणून तो चुकतो. तरी म्हणतो, कारण त्याचं मित्रावर प्रेम आहे. तू त्याला दुरुस्त्या करणारा मास्तर करते आहेस."

"प्रेमानेच दुरुस्त करतात गं," तू म्हणालीस. "तेच तर."

मग तू मला तुझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंची गोष्ट सांगितलीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तुला वक्तृत्वासाठी निवडलं होतं. शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन त्या तुझा 'न' आणि 'ण' घासून घ्यायच्या, स्वतःच्या डब्यातलं तुला खायला घालायच्या. तू जिल्ह्यात पहिली आलीस. घरी येऊन तू मायला ते भाषण म्हणून दाखवलंस. तिने सगळं ऐकून घेतलं, तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान बोलते वं. कोनाची पोर आहे, असं वाटते." तिने कौतुकाने म्हटलं होतं. तू मोरीत जाऊन रडलीस.

"त्या बाई वाईट होत्या असं मी म्हणत नाही," तू म्हणालीस. "त्या नसत्या तर मी आज इथे नसते. दरवर्षी फोन करते मी त्यांना. पण माझी भाषा कुणी हिसकावून घेतली असती तर मी भांडले तरी असते. त्यांनी लाडाने काढून घेतली. मी काय करणार होते?"

तू उठून काकूंचं औषध द्यायला वर गेलीस. मी लॅपटॉप उघडला आणि कवीची पहिली कविता नव्याने करायला घेतली, आणि अडले. मला ती भाषा लिहिता येत नव्हती. नक्कल करता येत होती, लिहिता येत नव्हती. तू खाली आलीस, खुर्ची माझ्या शेजारी ओढलीस आणि टाइप करायला लागलीस.

पाणी कोनाचंच नाही राह्यत,
तरी काठावर माणूस घर बांधते.
मले पोहता येत नाही.
तू हाक देशीन तं मी बुडत-बुडत येईन.

मी ते वाचलं. इटालियन ओळी मला पाठ होत्या, त्यांचा अर्थ मी वहीत घोटला होता. पण त्या ओळी खऱ्या मला तेव्हा ऐकू आल्या, तुझ्या किबोर्डवर. हे मी तुला सांगितलं का? बहुतेक नाही. बहुतेक मी म्हटलं, दुसरी ओळ लांब होतेय.

ज्या शनिवारी आपण तो सिनेमा दाखवला, त्या दिवशी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये आमच्याकडचे आणि तुमच्याकडचे लोक पहिल्यांदाच एकत्र बसले होते. एकत्र म्हणजे, एका छताखाली. मधली वाट सोडून दोन्ही बाजूंना आपापले. काकू पहिल्या रांगेत, पांढरी साडी, त्यावर तुझं जाड जॅकेट.

सुरुवातीलाच कवी पडद्यावर आला, तिकीटवाल्याला म्हणाला, "काऊन रे, बोट आज बी उशिरा?" आणि हॉल हसला. आमच्या बाजूचा हॉल. विनोदी नट आल्यासारखा. तू मागे प्रोजेक्टरपाशी उभी होतीस. मी वळून बघितलं नाही, तुझा चेहरा बघायची माझी हिंमत झाली नाही. पुढच्या वाक्याला पुन्हा हसले. तिसऱ्याला थोडे कमी. मग तो म्हातारा आपल्या मेलेल्या बायकोबद्दल बोलायला लागला त्याच भाषेत, आणि हसणाऱ्यांना कळेना की आता काय करायचं.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला. त्यांना मनात वाचता येत नाही हे आपण दोघी विसरलो होतो. त्या मोठ्याने वाचत होत्या, अक्षर अक्षर लावत, पडद्याच्या थोड्या मागे. कुणीतरी शुक् केलं. त्यांना ऐकू गेलं नाही किंवा त्यांनी मनावर घेतलं नाही. तिकीटवाल्याचं बोलणं आलं की त्या अडखळायच्या, निम्मं सुटून जायचं. कवीचं आलं की सरळ चालायच्या. थोड्या वेळाने कुणी शुक् करेनासं झालं. कवीला झटका आला, त्याची वाचा गेली, आणि तिकीटवाल्याने बोटीच्या धक्क्यावर उभं राहून कविता म्हटली. खाली आपली अक्षरं आली:

मला पोहता येत नाही.
तू हाक मारलीस तर मी पोहत येईन.

पडद्यावर कवीने फळीवर हात आपटला. आणि काकू खुर्चीतून पुढे वाकून त्या तिकीटवाल्याला म्हणाल्या, "नाही रे बापा. पोहत नाही. बुडत-बुडत."

कुणी हसलं नाही, करुणा. मी त्या हॉलमध्ये गणपतीच्या आरत्या ऐकल्यात, लहान मुलांचे नाच बघितलेत, सेक्रेटरीपदावरून झालेली भांडणं ऐकलीत. तशी शांतता तिथे मी पुन्हा कधी ऐकली नाही. मग मी मागे वळून बघितलं. तू प्रोजेक्टरच्या टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभी होतीस.

सिनेमा संपल्यावर मेडनहेडहून आलेले एक काका तुझ्यापाशी आले. सभ्य माणूस. म्हणाले, "उपक्रम स्तुत्य आहे. फक्त शुद्धलेखन एकदा कुणाकडून तपासून घ्यायला हवं होतं. बऱ्याच चुका राहिल्यात." तू हात जोडलेस. "हो काका. त्या कवीच्या आहेत."

ते मान डोलावत निघून गेले. आपण दोघी किचनमध्ये जाऊन समोशांच्या रिकाम्या ट्रेवर वाकून हसलो, दम लागेपर्यंत.

पण परत येताना गाडीत मी तुला माझी शंका विचारलीच. काकू मागे झोपल्या होत्या. मी म्हटलं, "आज सगळं जमून आलं, मान्य. तरी मला वाटतं तू तिकीटवाल्यावर अन्याय केलास. त्या सिनेमात हाती सगळ्यांत कमी असलेला माणूस तोच आहे. त्याला ना शाळा, ना नाव. जे होतं ते एकच, त्याचा मित्र. तू त्याला छापील मराठी देऊन बड्यांच्या बाजूला नेऊन बसवलंस. आता त्याच्या चुकीची कुणाला दया येणार नाही."

तू राउंडअबाउटला चुकीची लेन पकडलीस, तेव्हा मला कळलं की लागलं आहे. मग म्हणालीस, "ह्याला उत्तर आहे माझ्याकडे. आज नाही देत. आज दमले."

ते उत्तर राहिलं.

राहिलं याला कारणंही साधीच. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी भारतात गेले. परत आले तर तुझं पोट दुखत होतं, तू ते ॲसिडिटीवर ढकलत होतीस, माझ्याच दुकानातून गोळ्या नेत होतीस. मग जीपी डॉक्टर, मग स्कॅन, मग तो शब्द. मग केमोच्या तारखा. उज्ज्वला एडिनबराहून, ती शिकवते त्या शाळेच्या सुट्टीसुट्टीत यायची, एरवी गाडी चालवायला मी. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये जागा शोधत आपण फेऱ्या मारायचो, आणि तू डोळे मिटून बसलेली असायचीस. बोलायला वेळ पुष्कळ होता. पण भांडायला अंगात काहीतरी लागतं. तुझ्या अंगात ते उरलं नव्हतं, आणि आजारी माणसाशी काय वाद घालायचा म्हणून मीही गप्प. तू ते ओळखलंस. एकदा वेटिंग रूममध्ये म्हणालीस, "तू माझ्याशी हल्ली फार नीट वागतेस. मला आवडत नाही."

"मग काय करू?"

"काहीतरी चुकीचं बोल."

नर्सने तुझं नाव पुकारलं, नेहमीसारखं चुकीचं, आणि तू उठलीस.

हॉस्पिसमध्ये शेवटी शेवटी तुला भेटायला लोक यायचे आणि तुला शूर म्हणायचे. तू त्यांना हसून वाटेला लावायचीस. एका दुपारी मी तुझ्या ओठांना क्रीम लावत होते. तू म्हणालीस, "विद्या, कंटाळा आला गं. एकदम शुद्ध कंटाळा." आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघितलंस, मला तो शब्द लागला का ते बघायला. लागला. मी विचारलं, "तिकीटवाल्याचं उत्तर देतेस का आता?" तू मान हलवलीस. नाही अशी, की आता नको अशी, ते मला कळलं नाही. मग झोपलीस.

मी आजही तुझ्याशी सहमत नाही, हे लिहून ठेवते. त्या बिचाऱ्याला तू जरा जास्तच शिक्षा दिलीस. पण रात्रंदिवस मी तुझ्या बाजूने उत्तरं शोधत असते, आणि तुझी उत्तरं माझ्या डोक्यात माझ्याच भाषेत येतात. त्याने चिडचिड होते. तुझं उत्तर याहून वाईट शब्दांत आणि याहून बरं असतं, एवढं मला नक्की माहीत आहे.

परवाच्या रविवारी मी तुझ्या घरी गेले. उज्ज्वला आलेली आहे. तुझ्या कपड्यांचं काय करायचं, घराचं काय करायचं, आणि काकूंना एडिनबराला कसं न्यायचं, हे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर आहे. ती वर कपाटं उपसत होती. काकू खाली किचनमध्ये, टेबलापाशी, हात मांडीत घेऊन. मी चहा टाकला. काही बोलावंसं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. सांत्वन करायचाही एक शीण येतो, आणि मी गेले कित्येक दिवस तेच करत होते, फोनवर, दारात, दुकानात.

काकू म्हणाल्या, "तू आता बोलत नाही वं."

"काय बोलू काकू?"

"पहिले कशी बोले माह्या पोरीसंगं. मी वरतं पडून राहो, अन् खाली तुमची कचकच. मले शब्द समजत नव्हते सारे. पन आयकत-आयकत झोप लागे. वाटे, घरात पोरी भांडून राह्यल्या, म्हणजे घर बरं आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "आता सारेच हळू बोलतेत. जो येते तो हळू बोलते. कान कोरडे पडले माहे."

मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले. इतक्या दिवसांत मी रडले नव्हते, क्रिमेटोरियममध्येही नाही. तेव्हाही फार नाही रडले. चहा उतू जात होता.

मी दोन कप भरून टेबलावर आणले. काकूंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, अगदी तुझ्यासारखं.

"पानचट आहे."

"दूध जास्त नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय तुम्हाला."

"डाक्टर काय चहा करते का घरी?"

"काकू, तुम्ही करता तो चहा नसतो, काढा असतो. इतका उकळल्यावर त्यात काय राहतं?"

"तेच राह्यते जे राहाले पायजे. तुमच्या पुन्याले रंग दाखवून पाजतेत."

"पुण्याला काय करतात ते तुम्ही बघायला गेला होतात का?"

"नाही गेली! बोलावलं का कोनी?"

आवाज चढले होते आमचे. जिन्यावर धडधड पावलं वाजली आणि उज्ज्वला दारात येऊन उभी राहिली. तुझा एक स्वेटर हातात, चेहरा पांढराफटक. या घरात आता मोठा आवाज म्हणजे काहीतरी वाईटच, असं तिला वाटलं असणार.

"काय झालं? मावशी, काय झालं?"

"तुझी आजी पुण्याला नावं ठेवतेय," मी म्हटलं.

ती एकदा माझ्याकडे, एकदा काकूंकडे बघत राहिली. काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "अन् हिचा चहा पिऊन पाह्य तू. तूच सांग."

उज्ज्वलाने स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला, खुर्ची ओढली आणि आमच्यामध्ये बसली.